जुनी जिप्सी आणि तिची तीन घड्याळे

मे महिन्यातली दुपार. झाशीहून शिवपुरीला जाणारा रस्ता सोडून एखादी पंचवीस वर्षांची मारुती जिप्सी माधव राष्ट्रीय उद्यानाच्या कच्च्या वाटेवर शिरली आहे. मागच्या बाकांवर पर्यटक आहेत आणि बाहेर पारा ४५ अंशांवर. अशा ठिकाणी गाडी बंद पडली तर खाली उतरून बोनेट उघडण्याचीही मुभा नसते, कारण हे व्याघ्र क्षेत्र आहे. चालकाची त्या दिवसाची कमाई तर बुडतेच, शिवाय उघड्या गाडीत बसलेल्या माणसांना उन्हात दुसऱ्या गाडीची वाट पाहावी लागते. म्हणून या गाड्यांच्या बाबतीत वेगापेक्षा किंवा दिसण्यापेक्षा एकच गुण महत्त्वाचा ठरतो. सकाळी निघालेली गाडी संध्याकाळी स्वतःच्या चाकांवर परत आली पाहिजे. यंत्र अभियांत्रिकीत या गुणाला विश्वसनीयता म्हणतात.

या टिपणात आपण जुन्या, खूप चाललेल्या आणि कच्च्या रस्त्यावर वापरल्या जाणाऱ्या गाडीची विश्वसनीयता कशी टिकवायची ते पाहू. उदाहरणासाठी जिप्सी घेतली आहे. १९८५ मध्ये आलेली ही गाडी सामान्य ग्राहकांसाठी २०१९ पासून बंद आहे, म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक खासगी जिप्सी आता जुनीच. बांधणी साधी असल्यामुळे ती शिकवायलाही सोयीची आहे: चौकटीची चॅसी, चारही चाकांना पाटे, पुढे-मागे अखंड अॅक्सल, आणि गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला ट्रान्सफर केस. मांडणी जवळपास अशीच असल्याने पुढचे विवेचन महिंद्राच्या जुन्या जीपनाही बऱ्याच अंशी लागू पडते.

किलोमीटर हे चुकीचे माप का ठरते

जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, "किती चालली आहे?" डांबरी रस्त्यावरच्या गाडीसाठी प्रश्न ठीक आहे. कच्च्या वाटेवरच्या गाडीबाबत त्याचे उत्तर दिशाभूल करते, मग ओडोमीटर खरा असो वा केबल तुटून दोन वर्षे बंद पडलेला असो.

दोन जिप्सी घ्या. दोन्ही १,५०,००० किलोमीटर चाललेल्या. पहिली झाशी-ग्वाल्हेर महामार्गावर सरासरी ताशी ५० किलोमीटरने धावली, म्हणजे तिचे इंजिन सुमारे ३,००० तास चालले. दुसरी जंगलात सरासरी ताशी १५ किलोमीटरने फिरली. तिचे इंजिन १०,००० तास चालले. ओडोमीटरवर दोघी जुळ्या बहिणी, प्रत्यक्षात दुसरीचे इंजिन तिपटीहून अधिक म्हातारे. त्यात ती चढावर किंवा वाळूत लो रेंजमध्ये चालली असेल, तर त्याच गिअरमध्ये त्याच वेगासाठी इंजिनाचे फेरे हाय रेंजच्या सुमारे १.६ पट होतात.

आता ऑइल बदलण्याचा हिशेब करू. दोघींचे मालक दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदलतात असे समजा. पहिलीचे ऑइल १०० तासांनी बदलते, दुसरीचे ३३३ तासांनी. दुसरीला पहिलीइतकीच काळजी द्यायची तर ऑइल दर १,५०० किलोमीटरला बदलले पाहिजे. बुंदेलखंडातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण त्याच्या ट्रॅक्टरला अवर मीटर असतो आणि ट्रॅक्टरची सर्व्हिस तासांवरच ठरते. मात्र त्याच अंगणात उभ्या असलेल्या जीपची सर्व्हिस किलोमीटरवर होते, याचे मला नेहमी नवल वाटते. छोटा अवर मीटर विकत मिळतो. तो ऑइल प्रेशरच्या स्विचवरून असा जोडावा की इंजिन चालू असेल तेव्हाच तास मोजले जातील.

सगळेच भाग तासांवर झिजतात असे मात्र नाही. टायर, चाकांचे बेअरिंग, पाट्यांचे बुश हे अंतरावर आणि रस्त्याच्या खडबडीतपणावर झिजतात. रबर आणि द्रव पदार्थ गाडी उभी असली तरी म्हातारे होतात. टायमिंग बेल्ट, होज पाइप, ऑइल सील, ब्रेक ऑइल, कूलंट हे सगळे कॅलेंडरवर चालतात. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली आलेला चालतो, असे मानकच मानते. म्हणजे वर्षभरात अवघी २,००० किलोमीटर चाललेली गाडी ब्रेक ऑइलच्या दृष्टीने "कमी चाललेली" नसते.

थोडक्यात, एका गाडीत किलोमीटर, तास आणि कॅलेंडर अशी तीन घड्याळे एकाच वेळी चालू असतात. प्रत्येक भाग आपापल्या घड्याळाने म्हातारा होतो. झाशीच्या रेल्वे कारखान्यात मालगाडीचे वाघिण डबे ठरावीक मुदतीनंतर संपूर्ण दुरुस्तीसाठी आणले जातात, त्या मुदतीमागेही हाच विचार आहे. डबा किती धावला याची वाट न पाहता ठरलेल्या काळानंतर तो उघडून पाहायचा.

धूळ: बुंदेलखंडाचा मुख्य शत्रू

झाशीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे ती ग्रॅनाइटची. आजूबाजूचा सारा प्रदेश ग्रॅनाइट आणि नाइसचा, आणि त्यातून क्वार्ट्झचे लांबच लांब कणे डोंगररांगांसारखे वर आलेले. हा खडक झिजून जी धूळ होते तिच्यात क्वार्ट्झचे कण भरपूर असतात. मोज मापनश्रेणीवर क्वार्ट्झची कठिणता ७ आहे. सिलिंडरच्या बिडाची त्याहून बरीच कमी. म्हणजे हवेबरोबर इंजिनात शिरलेला प्रत्येक कण सिलिंडरच्या भिंतीवर छोट्या कानशीसारखा चालतो.

सर्वांत घातक असतात ते डोळ्यांना न दिसणारे कण. बेअरिंगमध्ये ऑइलचा थर काही मायक्रॉन ते वीसेक मायक्रॉन जाडीचा असतो, तर माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. थराच्या जाडीएवढा कण दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी घासतो. त्याहून मोठा कण फटीत शिरत नाही आणि फार लहान कण ऑइलबरोबर वाहून जातो. त्यामुळे "फिल्टर स्वच्छ दिसतो" या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

इथे एक गोष्ट सहज पटत नाही, पण ती खरी आहे. कागदी एअर फिल्टर कोरा असताना सर्वांत चांगला गाळत नाही. त्यावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरही गाळण्याचे काम करतो आणि कार्यक्षमता वाढते. पुढे थर जाड होऊन हवेला अडथळा झाला की मग तो बदलायचा. रोज संध्याकाळी फिल्टर काढून त्यावर कॉम्प्रेसरने हवा मारण्याची सवय म्हणूनच घातक आहे. जोराच्या हवेने कागदाला सूक्ष्म छिद्रे पडतात, आणि डबा उघडताना सांडलेली धूळ थेट आतल्या बाजूला पडते. फिल्टर कमी वेळा उघडावा, आणि उघडल्यावर शक्यतो नवाच बसवावा.

फिल्टरपेक्षाही मोठा धोका फिल्टरच्या पुढे असतो. फिल्टरपासून इंजिनापर्यंत जाणारी रबरी नळी वीस-पंचवीस वर्षांत चिरते, क्लॅम्प सैल होतो. त्या चिरेतून आलेली हवा न गाळताच आत जाते. याची परीक्षा सोपी आहे. नळी काढून तिच्या आतल्या भिंतीवर पांढरे स्वच्छ कापड फिरवावे. त्यावर तपकिरी रंग आला तर इंजिन धूळ खात आहे, मग फिल्टर कितीही महाग असो. जुनी गाडी विकत घेताना मी तरी इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी हे कापड फिरवीन.

ऑइल बदलताना ड्रेन प्लगवर चुंबक असेल तर त्यावर काय चिकटले आहे ते पाहावे. चुंबक नसेल तर काढलेल्या ऑइलमध्ये एक फिरवावा. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये करडा, लोण्यासारखा मऊ लेप ही नेहमीची झीज. बोटांना टोचणारे चकचकीत तुकडे हाती लागले तर दात किंवा बेअरिंग तुटायला लागले आहे.

तापलेला अॅक्सल पाण्यात शिरतो तेव्हा

बेतवा किंवा एखादा नाला ओलांडल्यावर डिफरन्शियलमधले ऑइल चहासारखे दुधाळ झालेले आढळते. चालक म्हणतो, "पाणी तर गुडघ्याएवढेसुद्धा नव्हते." मग पाणी शिरले कुठून? उत्तर अकरावीच्या भौतिकशास्त्रात आहे.

अॅक्सलच्या पोकळ घरात खाली ऑइल आणि वर हवा असते. तासभर चालल्यावर ही हवा समजा ८० अंशांवर, म्हणजे ३५३ केल्विनवर आहे. गाडी थंड पाण्यात शिरताच ती ३० अंशांवर, म्हणजे ३०३ केल्विनवर येते. घर बंद असेल तर आकारमान तेच राहते आणि दाब तापमानाच्या प्रमाणात उतरतो: ३०३ भागिले ३५३, म्हणजे ०.८६. आतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा १४ टक्क्यांनी कमी झाला. ऑइल सीलची ओठासारखी कड आतले ऑइल बाहेर जाऊ नये म्हणून घडवलेली असते. बाहेरून आत ढकलणाऱ्या दाबापुढे ती सैल पडते, आणि अॅक्सल अक्षरशः पाणी पितो.

हे होऊ नये म्हणून अॅक्सलवर ब्रीदर नावाची छोटी वाट ठेवलेली असते. जुन्या गाडीत ती चिखलाने हमखास बुजलेली सापडते. ती साफ करावी, आणि तिथे रबरी नळी लावून नळीचे टोक बोनेटखाली किंवा बॉडीच्या आत उंचावर न्यावे. खर्च काहीशे रुपयांचा, पण यातून वाचणारी बेअरिंग आणि क्राउन-पिनियनची जोडी अनेक हजारांची. नुसत्या खर्चाच्या हिशेबाने पाहिले तरी जुन्या गाडीवर करण्यासारखी ही पहिली सुधारणा आहे. आणि पाण्यातून गाडी काढल्यावर ऑइल तपासायचे ते त्याच दिवशी. या एका बाबतीत तिन्ही घड्याळे बाजूला ठेवावी लागतात.

जिप्सीच्या पुढच्या अॅक्सलला टोकाशी गोलाकार नकल असते. तिच्या आत ग्रीस असते आणि बाहेरून रबर व नमद्याचे सील. आतले ऑइल सील गेले की डिफरन्शियलचे पातळ ऑइल नकलमध्ये येते, ग्रीसला पातळ करते, बाहेर गळते आणि चाकांपर्यंत जाते. गॅरेजमध्ये बाहेरचे सील बदलून गाडी परत दिली जाते आणि महिन्याने तीच गळती पुन्हा दिसते, कारण मूळ दोष आतल्या सीलचा. याच नकलमधले किंगपिनचे बेअरिंग सैल झाले की ताशी ५०-६० किलोमीटरच्या आसपास स्टीअरिंग थरथरू लागते. लोक चाकांचे बॅलन्सिंग करत बसतात.

उन्हाळा

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. कूलंट ९५ अंशांवर धरले तर जानेवारीत २५ अंशांच्या दुपारी फरक ७० अंशांचा, मेमध्ये ४५ अंशांना तो ५० अंशांचा. म्हणजे तोच रेडिएटर उन्हाळ्यात सुमारे २९ टक्के कमी काम करतो. हिवाळ्यात "ठीक चालणारा" अर्धवट बुजलेला रेडिएटर मेमध्ये उघडा पडतो तो यामुळे. शिवाय ताशी १५ किलोमीटरला समोरून वारा मिळत नाही. सगळी भिस्त पंख्यावर असते. पंख्याभोवतीचे आवरण जुन्या गाड्यांत अनेकदा कुणीतरी काढून टाकलेले असते. ते परत बसवणे हा स्वस्त उपाय आहे.

रेडिएटरचे झाकण हा आणखी एक दुर्लक्षित भाग. ०.९ बार दाब धरून ठेवणाऱ्या झाकणाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांना उकळते. झाकणाचे रबर गेले, तर १०० अंशांनाच. आणि हातपंपाचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतू नये. त्यातला क्षार आत थर धरतो, आणि त्या थराची उष्णतावाहकता बिडाच्या जवळपास वीसाव्या हिश्शाएवढीच असते. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट यांवर खर्च होणारे पैसे उन्हाळ्यात परत मिळतात.

कार्ब्युरेटरच्या जुन्या जिप्सीत आता इंधनाचा नवा प्रश्न आला आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. इथेनॉलमध्ये आकारमानाच्या हिशेबाने पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी पडते. त्याहून काळजीची बाब रबराची. १९९० च्या दशकातल्या नळ्या आणि पंपाचा पडदा या मिश्रणासाठी बनलेलेच नव्हते. ते फुगतात, चिरतात, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळणे हा बिघाड नसून आगीचे निमंत्रण आहे. सगळ्या इंधन नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घालून घ्याव्यात. हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नये.

सगळेच नवे बसवले तर?

पैसे असतील तर सगळे भाग एकदम बदलून टाकावेत असे वाटते. विश्वसनीयतेचा सिद्धांत इथे सावध करतो. समजा एका सफरीत गाडी थांबवू शकतील असे ४० भाग आहेत आणि प्रत्येक भाग निभावून नेण्याची शक्यता ९९.५ टक्के आहे. हे भाग साखळीसारखे असल्याने शक्यतांचा गुणाकार होतो: ०.९९५ चा ४० वा घात, म्हणजे ०.८२. दर पाच-सहा सफरींत एक फसणार. प्रत्येक भाग ९९.९ टक्क्यांवर नेला तर उत्तर ०.९६ येते. म्हणून एखाद्या भागावर भरमसाट खर्च करण्यापेक्षा सर्वांत कमकुवत पाच-सहा भाग शोधणे फायद्याचे.

१९७८ साली युनायटेड एअरलाइन्सचे स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी विमानांच्या देखभालीवरचा एक अहवाल लिहिला. त्यांना आढळले की केवळ ११ टक्के भागांमध्येच वय वाढल्यावर बिघाडाचे प्रमाण वाढते. ६८ टक्के भागांत उलट, नवे बसवल्यानंतर लगेच बिघाड जास्त आणि मग प्रमाण स्थिर. जीप म्हणजे विमान नव्हे. पट्टे, टायर, ब्रेक लायनर, क्लच प्लेट हे साधे भाग वयाने झिजणारेच, ते मुदतीत बदलावेत. पण डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, फ्यूएल पंप "सहज" बदलताना विचार करावा. गाडीचे उत्पादन बंद झाल्यावर नवा म्हणून मिळणारा भाग पंचवीस वर्षे टिकलेल्या जुन्यापेक्षा चांगला असेलच असे नाही. दिल्लीच्या कश्मीरी गेटहून मागवलेल्या खोक्यावरचे नाव आणि आतला माल यांचा संबंध दर वेळी असतोच असेही नाही.

यातून एक व्यवहारी नियम निघतो. मोठ्या सफरीच्या आदल्या दिवशी दुरुस्ती करू नये. दोन-तीन आठवडे आधी करावी, ओरछापर्यंत आठ-दहा फेऱ्या माराव्यात, नट-बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि काढलेला जुना चालू भाग फेकून न देता गाडीतच ठेवावा.

बदलण्याआधी मोजावे, हेही ओघाने आले. स्टार्टर सुस्त झाला की लोक बॅटरी घेतात. स्टार्टर १५० अँपिअर प्रवाह घेतो असे धरा. इंजिन आणि चॅसी यांना जोडणाऱ्या गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीचा रोध अवघा ०.०१ ओहम असला तरी तिथे १.५ व्होल्ट खर्ची पडतात. मल्टिमीटर लावून हे दोन मिनिटांत कळते, आणि उपाय म्हणजे पॉलिश पेपरचा तुकडा.

कुठे थांबायचे

मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. कागदाचा प्रश्न असा सुटतो. धातूचा प्रश्न वेगळा. झाशीची हवा कोरडी, म्हणून तिथल्या गाडीचे इंजिन धुळीने खाल्लेले पण चॅसी ठणठणीत, असे चित्र दिसते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गाडीचे बरोबर उलटे: इंजिन गोड, पण पाट्यांचे हँगर आणि चॅसीची आतली बाजू खाऱ्या हवेने पोखरलेली. इंजिन बोअर करून नवे पिस्टन घालता येतात, गिअरबॉक्स बदलता येतो. चॅसीत हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी भद्द आवाज आला आणि तोही पाट्यांच्या जोडाजवळ, तर त्या गाडीवर पुढचा रुपया खर्च करू नये. वरून पत्रा वेल्ड करून रंग दिलेली चॅसी मोडते तेव्हा गाडी भरलेली असते.

स्वाध्याय

१. एक जिप्सी रोज ३६ किलोमीटर सरासरी ताशी ३० किलोमीटरने चालते आणि शिवाय दोन तास इंजिन चालू ठेवून उभी असते. ऑइल दर १२० तासांनी बदलायचे असेल तर ते किती दिवसांनी आणि किती किलोमीटरनंतर बदलावे लागेल?

२. अॅक्सलमधील हवा ९० अंशांवरून २८ अंशांवर आली आणि ब्रीदर पूर्ण बंद असेल, तर आतला दाब किती टक्क्यांनी उतरेल? ऑइलचे आकारमान बदलत नाही असे धरा.

३. तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या कोणत्याही जुन्या वाहनाचे दहा भाग निवडा. प्रत्येक भाग किलोमीटर, तास की कॅलेंडर यांपैकी कोणत्या घड्याळावर चालतो ते लिहा, आणि मालकाला विचारून तो शेवटचा कधी बदलला ते त्यापुढे नोंदवा.